व्हय म्हाराजा, ठराव मंजूर

२ एप्रिल २०२५, बुधवार

तुळसाला सोलणीत बसू द्यायला नक्की हरकत कोणाची आहे?

या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. इथे कबूल करते, कारण ही डायरी कोणी वाचणार नाही. बाहेर कबूल करता येणार नाही. बाहेर मी कष्टकरी अभ्यासवर्गाची संघटक आहे.

मुद्दे मांडते. तुळसा बौद्धवाडीतली. कट्टा गावाजवळच्या काजू फॅक्टरीत कटिंगला आहे. म्हणजे उकडलेली बी मशीनवर फोडायची. टरफलाचं तेल हातावर उडतं, कातडी भाजते. तिची बोटं आता नीट मिटत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, कटिंग बंद करा. फॅक्टरीत दुसरं काम म्हणजे सोलणी. गरावरची तांबडी साल काढायची, बसून, पंख्याखाली. मे महिन्यात सोलणीतली एक जागा रिकामी होते आहे. तुळसाने ती मागितली.

शेट म्हणाले, "माका काय अडचण नाय, बायकांक इचारा." सोलणीतल्या बायकांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमका काय गो, शेट म्हणतीत तसा." म्हणजे हरकत कोणाचीच नाही आणि तुळसा कटिंगलाच आहे. याला स्ट्रक्चरल म्हणतात.

एक बाई एवढंच बोलली की तिच्या हाताला तेल आहे, गर काळे पडतील. आमच्या वाडीतली रसिका गेल्या वर्षी कटिंगमधूनच सोलणीत आली. तेव्हा गर काळे पडले नव्हते. बहुतेक तेल वेगळं असेल. तपासायला हवं.

रिकामी होणारी जागा माझ्या आईची आहे. हा योगायोग. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, त्यानंतर ती काम सोडणार. सोलणीत अशी रीत आहे की सोडून जाणारी बाईच सांगते, माझ्या पाटावर अमकी बसेल. शेट मान डोलावतात. लिहिलेलं कुठे नाही, चालत आलेलं आहे.

संकल्प: उद्या जेवताना आईशी बोलणे. पाच मिनिटांचं काम.

३ एप्रिल

बोलले नाही. लाइट गेली होती. अंधारात जातीचा विषय काढणं बरं दिसत नाही.

शिवाय दिवसभर विचार केला. आईला सांगून जागा मिळवायची म्हणजे वशिला. तुळसाला तिचा हक्क मिळाला पाहिजे, माझ्या ओळखीने मेहेरबानी नको. आईशी न बोलणं हेच तत्त्वाला धरून आहे. हे काल कसं सुचलं नाही?

६ एप्रिल, रविवार

अभ्यासवर्ग. मालवणला यज्ञेशच्या पडवीत. यज्ञेश वकिलाकडे ज्युनियर आहे, वडील निवृत्त हेडमास्तर. इशिता पुण्याला एमए करून आली आहे. मी बीए, आमच्या घरातली पहिली. आणखी दोघं-तिघं येतात, ते मुख्यतः यज्ञेशच्या आईच्या कांदेपोह्यांसाठी.

मी तुळसाचा प्रश्न मांडला. यज्ञेश म्हणाला, ती कामगार आहे, बास. जातीचं काढलंस की बायकांत फूट पडेल आणि शेट मजेत राहील. इशिताने कागदावर तीन गोल काढले, एकमेकांत अडकलेले. एक वर्ग, एक जात, एक बाईपण. मधल्या बेचक्यात तुळसा. याला इंटरसेक्शनॅलिटी म्हणतात. यज्ञेशने कागद फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, यात शेट खंय आसा? इशिता म्हणाली, तुझ्या भाषणात शेट आहे पण तुळसा खंय आसा? एरवी दोघंही शुद्ध बोलतात. चिडले की मालवणीवर येतात.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दोघांचंही बरोबर आहे. दोघंही नाराज झाले. नवा विचार मांडणाऱ्याचं असंच होतं.

माझ्यावर पेपर लिहिण्याची जबाबदारी आली. दोन्ही बाजू जोडणारा. मी अगदी योग्य व्यक्ती आहे, असं यज्ञेश म्हणाला. बहुतेक तो म्हणाला की दुसऱ्या कोणाला वेळ नाही.

कप मी धुतले. श्रमविभागणीचा मुद्दा पुढच्या वेळी घेऊ.

९ एप्रिल

पेपर सुरू केला. शीर्षक: "वर्ग की जात? सिंधुदुर्गातून तिसरा आवाज." मग वाटलं, तिसरा म्हणजे मागून आलेला. "पहिला आवाज" केलं. मग ते गर्विष्ठ वाटलं. नुसतं "आवाज" ठेवलं. दिवस चांगला गेला.

११ एप्रिल, शुक्रवार

तुळसाकडे गेले. फील्डवर्क. ती दारात बसून हातांना खोबरेल चोळत होती. बोटांवरची कातडी टरफलासारखी झाली आहे. (चांगली उपमा, पेपरात घेता येईल.) मी तिला तिच्या परिस्थितीतले तीन पदर समजावून सांगितले. बाई, कामगार, बौद्ध. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आणि दिराशी जमिनीचो वाद आसा, तो चवथो घाल." मी लिहून घेतलं.

मग तिने विचारलं, "तुझ्या आयशीक इचारलंस काय गो?" मी म्हटलं, प्रक्रिया सुरू आहे. ती हसायला लागली. "घरात कसली गो प्रक्रिया?"

तिची मुलगी दिव्या बारावी सायन्सला होती. निकाल यायचा आहे. नर्सिंगला जायचंय. आता कटिंग सुटणार, आणि सोलणी मिळाली नाही तर तुळसाची मजुरीच बंद. मग कसलं नर्सिंग? दिव्याने मला विचारलं, ताई, तुमच्या घरात तुम्हीच पहिल्या ग्रॅज्युएट ना? हो म्हटलं. ती म्हणाली, आमच्याकडे मी होणार.

मला भरून आलं. मी दोघींना शब्द दिला: ती जागा तुळसालाच मिळेल.

संकल्प: आता पळवाट नाही. आज जेवताना.

जेवताना आईनेच विषय काढला, पण बांगड्यांचा. बांगडे महाग झालेत. त्यावर बरीच चर्चा झाली. त्यातून जातीकडे वळायला वाट सापडली नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. इशिताबरोबर बौद्धवाडीत गेले. मिरवणूक, भाषणं, जेवण. तुळसाच्या पंक्तीला बसून जेवले, खीर दोनदा घेतली. इशिताने फोटो काढला, मी, तुळसा आणि दिव्या, तिघींच्या हातात घास. मी तो स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, "सहभोजन ही कृती आहे, चर्चा नाही." खूप जणांनी हार्ट टाकले.

स्टेटस ठेवताना आई, मंगेशदादा, किशोरीवहिनी आणि मामा यांना वगळलं. आमच्या घरी नेट फार हळू चालतं, उगाच फोटो गोल गोल फिरत राहतो.

आईने विचारलं, जेवलंस खंय? म्हटलं, इशिताकडे. तांत्रिकदृष्ट्या इशिता शेजारीच बसली होती.

१८ एप्रिल

अभ्यासवर्ग फुटला. कारण: १ मेच्या बॅनरवर काय लिहायचं. यज्ञेशला "कामगार एकजूट" हवं होतं. इशिता म्हणाली, कोणाची एकजूट, ते लिही. यज्ञेश म्हणाला, बॅनर तीन मीटरचो आसा, तुझी यादी त्येच्यार मावाची नाय. इशिता म्हणाली, हेच तुमचं प्रिव्हिलेज. यज्ञेश म्हणाला, माझा कसला प्रिव्हिलेज, माका वकीलसायब अजून पगार देणा नाय.

आता दोन व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. "कष्टकरी अभ्यासवर्ग (मूळ)" आणि "कष्टकरी अभ्यासवर्ग (सर्वसमावेशक)". मी दोन्हींत आहे. दुवा म्हणून. "सर्वसमावेशक"मध्ये चार जण आहेत, "मूळ"मध्ये पाच. त्यातले तिघे समान.

दुपारी "यज्ञेशचा हट्टीपणा बालिश आहे" हा मेसेज चुकून "मूळ"वर गेला. यज्ञेशने अंगठा टाकला. प्रगल्भता म्हणतात ती हीच.

तुळसाचा फोन येऊन गेला. संघटना सावरली की करीन.

२० एप्रिल, रविवार

मोठी कल्पना सुचली!

सोलणीतल्या बायकांना सभेला बोलावलं तर येत नाहीत. सभा म्हटलं की कोणाला मुलांची परीक्षा असते, कोणाला कुळीथ काढायचे असतात. पण गाऱ्हाणं म्हटलं की सगळ्या येतात. देवासमोर उभं राहून एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून ऐकतोय. मागण्यांचं निवेदन तरी दुसरं काय असतं? मी कामगारांचं गाऱ्हाणं लिहिणार. लोकांचीच परंपरा, आशय नवा.

यज्ञेश म्हणाला, अंधश्रद्धा आहे, पण मास लाइन, म्हणजे लोकांचंच घेऊन लोकांपर्यंत जाणं, म्हणून चालेल. इशिता म्हणाली, गाऱ्हाणं नेहमी पुरुष घालतात. मी म्हटलं, म्हणून तर मी घालणार. ती मग म्हणाली, तुळसा गाऱ्हाण्यात "व्हय म्हाराजा" म्हणेल का, तिला विचारलंस? म्हटलं, गाऱ्हाणं तिच्यासाठीच तर आहे.

कधी कधी इशिता मुद्दामच खुसपट काढते.

२७ एप्रिल, रविवार

ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहिते.

गाऱ्हाणं आमच्याच खळ्यात, म्हणजे अंगणात ठेवलं. फॅक्टरीतल्या जवळपास सगळ्या आल्या, कटिंगच्याही. किशोरीवहिनीने चहा केला. ती माझी वहिनी असली तरी पूर्णपणे स्वेच्छेने. आई पुढेच बसली होती. तुळसा खळ्याच्या कडेला माडाजवळ उभी होती. मी हाक मारली, ये गो चटयेर. ती म्हणाली, हय वारो बरो आसा.

मी नारळ ठेवला आणि सुरुवात केली. बा देवा म्हाराजा! सगळ्या: व्हय म्हाराजा! आज ह्या कष्टकरी लेकी तुझ्यापुढे उभ्या आसत. व्हय म्हाराजा! त्येंच्या हाताक ग्लोव्हज मिळू देत. व्हय म्हाराजा! शेटाच्या मनात बरी बुद्धी घाल. व्हय म्हाराजा, आणि कोणीतरी फसकन हसलं. मग मी श्वास घेतला आणि म्हटलं, आणि तुळसाक सोलणीत बसाक जागा मिळू दे.

व्हय म्हाराजा!

एकसुरात. एकही आवाज कमी नाही. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या आईचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मी जो विषय काढू शकले नाही, त्यावर आईने स्वतःहून, सगळ्यांसमोर होकार दिला! आता तिला वेगळं विचारायची गरज उरली नाही.

मी थांबले तरी बायका थांबेनात. एका म्हातारीने घातलं, कट्ट्याची येस्टी येळार येऊ दे. व्हय म्हाराजा. रसिकाने घातलं, सासूक माझ्या वायच कमी ऐकाक येऊ दे. त्याला तर दोनदा व्हय म्हाराजा झालं. मी इतिवृत्तात सगळे ठराव लिहिले आहेत. सर्व एकमताने मंजूर.

तुळसा शेवटपर्यंत काही बोलली नाही. भारावली असावी. नंतर इशिताने तिला विचारलं तर म्हणाली, आमी ता म्हणणव नाय. इशिता माझ्याकडे पाहत राहिली. मी नारळ फोडायला गेले.

चहा सगळ्यांना पेल्यात, तुळसाला कागदी कपात. पेले कमी पडले. फळीवर होते, पण ते नवे आहेत.

दोन्ही ग्रुपवर टाकलं: "सोलणी विभागाने तुळसाताईंचा एकमताने स्वीकार केला." एकूण सहा टाळ्या.

२८ एप्रिल

आईचे कामाचे शेवटचे दोन-तीन दिवस. नवी येणारी बाई या दिवसांत जुनीच्या शेजारी बसून हात बघते, तशी पद्धत आहे. मी तुळसाला फोन केला: उद्यापासून आईच्या बाजूला जाऊन बस, ठराव झालाय. ती म्हणाली, "नक्की ना गो? तुझी आयस म्हणाली?" म्हटलं, सगळ्यांसमोर म्हणाली, तूही तिथेच होतीस. ती म्हणाली, "गाऱ्हाण्यात म्हणाली. तुका म्हणाली काय?"

अनेक वर्षांच्या अन्यायाने माणसाचा विश्वास उडतो. मी तिला धीर दिला.

उद्या स्वतः जाणार होते, पण १ मेच्या भाषणाची तयारी आहे. बायकांचं बायकांनीच केलेलं बरं. बाहेरच्या नेतृत्वावर अवलंबून राहायची सवय लागू नये.

२९ एप्रिल, मंगळवार

तुळसा सकाळी गेली. हात घासून धुतलेले, नवी साडी. आईच्या शेजारी जाऊन बसली.

आईने आपला ट्रे जरा पलीकडे घेतला. मग पाणी प्यायला उठली. मग रसिका उठली. मग एकेक करून सगळ्याच उठल्या. बाहेर नळाजवळ उभ्या राहिल्या. कोणी भांडलं नाही, वाईट शब्द नाही. आत पंखा चालू आणि तुळसा एकटी. बराच वेळ. मग ती उठून गेली आणि सगळ्या आत आल्या.

हे मला किशोरीवहिनीने सांगितलं. तिला रसिकाने सांगितलं. वहिनी हे सांगताना हसतही नव्हती आणि वाईटही वाटून घेत नव्हती. पाऊस पडला, असं सांगावं तसं.

आईला विचारलं, काय झालं फॅक्टरीत? म्हणाली, "काय जावचा? माका तान लागली."

उन्हाळा कडक आहे. तहान लागतेच. सगळ्यांना एकाच वेळी लागली, हेही अशक्य नाही.

तुळसाला फोन केला. उचलला नाही.

१ मे, गुरुवार

दोन कार्यक्रम. सकाळी "मूळ", संध्याकाळी "सर्वसमावेशक". प्रेक्षक बहुतेक तेच. दोन्हीकडे मी बोलले. गाऱ्हाण्याचा प्रयोग सांगितला, एकमताचा ठराव सांगितला. सकाळी म्हटलं, वर्गाच्या एकजुटीने जात वितळते. संध्याकाळी म्हटलं, जातीचा प्रश्न थेट घेतल्यामुळे वर्ग एकजूट झाला. दोन्हीकडे टाळ्या. संध्याकाळी कोणीतरी विचारलं, मग ती बाई सोलणीत बसली का? म्हटलं, अंमलबजावणीच्या टप्प्यावर आहे.

आनंदाची बातमी: शेटने ग्लोव्हज दिले! पहिली मागणी मान्य. सोलणीतल्या बायकांना दिले. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना म्हणे गराला उघडा हात लागलेला चालत नाही. कटिंगला नंतर बघू म्हणाले. कटिंगचा हात गराला लागत नाही ना.

२ मे, शुक्रवार

आईशी बोलले.

म्हणजे आईच बोलली. मी फक्त एवढं म्हटलं, आई, तुझी जागा तुळसाला दिली तर? आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या पाटार बसान तुका मी बीए केलंय. आता तोच पाट उचलून भायर देऊ? आणि ह्या किशोरीन काय करूचा? मंगेशाक काम आसा खंय?" दादाचा टेम्पो बंद पडून आहे, हे मी विसरलेच होते. विसरले म्हणजे, त्या दृष्टीने पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, तुळसाचे हात पाहिलेस का? म्हणाली, "बघलंय. वाईट वाटता माका." मग? "मगे काय? दुपारी डबो सोडूक तिच्या बाजूक कोण बसतला? आणि तिच्या हाताचो गर लोक खातले?" मी म्हटलं, बी तर आधी तीच फोडते. आई म्हणाली, "फोडणा येगळा, सोलणा येगळा. बीए होऊन ह्या कळणा नाय तुका?"

एवढं सरळ उत्तर. हरकत कोणाची, हे विचारत मी महिनाभर फिरत होते आणि ती रोज माझ्या ताटात भात वाढत होती. हे वाक्य मी पेपरात घेणार नाही.

किशोरीवहिनी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "अक्षू, तुझे ते कागदावरचे गोल मी बघलंय. माझा नाव खंयच्या गोलात घातलंस गो?" मग ती म्हणाली, "सभेक चा करूक मी चलतंय. त्या पाटार बसूक मी चलणय नाय?"

तिचंही खरं आहे. हाच त्रास आहे, की तिचंही खरं आहे.

३ मे, शनिवार

प्रश्न दोन्ही ग्रुपवर मांडला. नावं न घेता. एक जागा, दोन बाया, दोघींनाही गरज.

यज्ञेश: दोघीही कामगारच. कोणीही बसली तरी जागेवर कामगारवर्गच बसतो. (पुढे मूठ.)

इशिता कालपासून पुण्याला आहे, पीएचडीच्या मुलाखतीला. मोठा व्हॉइस मेसेज पाठवला. मागे रिक्षांचे आवाज. सार असं की निर्णय आपण घ्यायचा नाही, ज्या बाईला सगळ्यांत जास्त झळ बसते तिलाच विचारायचं. ती म्हणेल ते.

हे पटलं. किती सोपं होतं! उद्या तुळसालाच विचारते. माझ्यावरचा भार उतरला.

सकाळी शेटकडे ग्लोव्हजबद्दल आभार मानायला गेले होते. इतर किरकोळ बोलणं झालं. शेट म्हणाले, शिकलेल्या मुलीशी बोलाक बरा वाटता. आपल्यापैकीच कोणीतरी हवी होती असली. "आपल्यापैकी" म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. चहा चांगला होता.

४ मे, रविवार

तुळसाकडे गेले. तिने बसायला सांगितलं नाही, पण उभं राहा असंही म्हणाली नाही, म्हणून बसले. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली होती.

मी सगळं नीट मांडलं. वहिनीची अडचण, दादाचा टेम्पो, आईचं म्हणणं (सौम्य करून). आणि म्हटलं, तुळसा, हा निर्णय तुझा आहे. तू सांगशील ते होईल. आम्ही कोण ठरवणारे?

ती मग म्हणाली, "त्या दिवशी माका थय बसवलंस आणि तू खंय होतंस गो?" मी म्हटलं, भाषणाची तयारी. म्हणाली, "भाषाण बरा झाला?" मी हो म्हटलं. काय म्हणणार?

मग ती उठली. उठता उठता म्हणाली, "बसव जा तुझ्या वयनीक. माका आता त्या बायकांत बसूचा नाय. येकदा बसलंय ता पुरे."

म्हणजे तिने स्वतःच नकार दिला. स्वतःच्या शब्दांत, कोणाच्याही दबावाशिवाय. मी तिथे फक्त ऐकत होते. सर्वांत जास्त झळ बसणाऱ्या व्यक्तीने निर्णय घेतला आणि चळवळीने त्याचा आदर केला. पेपराला शेवट मिळाला.

दिव्या आत होती. बाहेर आली नाही.

५ मे, सोमवार

सकाळी किशोरीवहिनीला स्कूटीवरून फॅक्टरीत सोडलं. पहिला दिवस, एकटीला जायला लाजत होती. वाटेत माझ्या खांद्याला घट्ट धरून बसली होती. म्हणाली, अक्षू, तू माका लय मोठा काम केलंस. खूप दिवसांनी कोणीतरी मला असं म्हणालं.

गेटवर दिव्या भेटली. डोक्याला फडकं, हातात प्लास्टिकच्या पिशव्या रबराने बांधलेल्या. आईच्या मशीनवर बसते. सुट्टीपुरती, म्हणाली. मी म्हटलं, आज दुपारी निकाल ना? ऑल द बेस्ट. ती म्हणाली, थँक यू ताई. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, संध्याकाळी बघीन.

कटिंगचं दार डावीकडे, सोलणीचं उजवीकडे. दोघी गेल्या.

घरी येऊन दोन्ही ग्रुपवर टाकलं: "सोलणीतल्या जागेबाबत संबंधित सर्व महिलांशी संवाद साधून, तुळसाताईंच्या इच्छेनुसार निर्णय घेण्यात आला." यज्ञेशची मूठ आली. इशिताने हार्ट टाकला. तिची निवड झाली आहे, विषय कोकणातल्या काजू कामगार स्त्रिया. माझी मुलाखत घ्यायची आहे म्हणाली.

वहिनीचं नाव शेटना मी शनिवारी सकाळीच सांगून आले होते.